लढाऊ विमानाबद्दल बायकांनी का बोलायचं?

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरला 'तेजस मार्क-१ए' हे लढाऊ विमान संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत आकाशात झेपावलं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक कारखान्यात तयार झालेलं हे पहिलं तेजस. त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, हवाई दलाने चंदीगडला 'मिग-२१' या जुन्या विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला होता. बासष्ट वर्षांची सेवा संपली, आता नवं विमान त्याची जागा घेणार, अशा बातम्या सगळीकडे झळकल्या. विमानाचा वेग, क्षेपणास्त्रं, रडार यांवर निवृत्त अधिकाऱ्यांचे लेख आले, दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या. या सगळ्यात बायका मला दिसल्या त्या दोनच ठिकाणी. एक, लढाऊ वैमानिक झालेल्या मोजक्या मुलींच्या छायाचित्रांत. आणि दुसरं, अपघातात गेलेल्या वैमानिकांच्या आया आणि पत्नी म्हणून, डोळे पुसताना. विमानाबद्दल मत असलेली बाई मात्र कुठे दिसली नाही.

आमच्या गटाची महिन्याची बैठक नेरुळला होते. सल्ला केंद्राकडे आलेल्या दोन प्रकरणांवर बोलून झालं आणि चहा येईपर्यंत हा विषय निघाला. एक मैत्रीण म्हणाली, "आपल्याकडे मारहाणीच्या केसेस कमी आहेत का, की आता विमानांवर बोलायचं?" दुसरी म्हणाली, "उलट अभिमानाने बोलायला हवं. विमान आपल्या महाराष्ट्रात बनलं आणि आपल्या मुली ते चालवणार." तिसरी १९९८ साली अणुचाचण्यांच्या विरोधातल्या मोर्चात होती. ती म्हणाली, "युद्धाचं सामान ते युद्धाचं सामान. विरोधाचा ठराव करा आणि मोकळ्या व्हा." चहा निवून गेला, ठराव काही झाला नाही.

तिघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि तिन्ही म्हणणी मला अपुरी वाटतात. म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : विमान हवं की नको एवढ्यावर वाद घालून आपण थांबतो. पण ते बनवणारे, विकत घेणारे आणि उडवायला सांगणारे कुणाला जबाब देतात, हे कुणी विचारत नाही. तो जाब विचारणाऱ्यांत बायका असल्याच पाहिजेत. कारण या विमानांची किंमत बायका मोजतातच, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

नवी मुंबईच्या बायकांना तर हा विषय लांबचा वाटायचं कारण नाही. ११ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर पहिलं विमान उतरलं ते प्रवासी विमान नव्हतं. ते हवाई दलाचं सी-२९५ हे मालवाहू विमान होतं, आणि त्याच कार्यक्रमात सुखोई हे लढाऊ विमान धावपट्टीच्या वरून गर्जत गेलं. प्रवासी विमानं सुरू झाली त्यानंतर वर्षाहून अधिक काळाने, २५ डिसेंबर २०२५ ला. त्या विमानतळाखाली दहा गावांची जमीन आहे. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आगरी-कोळी कुटुंबं उठली. १९८४ च्या जानेवारीत याच भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण गेले, त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व पुढे आलं. विमानतळाच्या वेळी ते साडेबावीस टक्के झालं. पण भूखंड कुणाच्या नावावर झाला, बहिणीने हक्कसोडपत्रावर सही का केली, खाडीत मासळी धरून पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचा बुडालेला धंदा कुठल्या रकान्यात बसतो, हे प्रश्न आम्ही विचारले की ऐकावं लागतं, "तुम्ही विकासाच्या आड येता." लढाऊ विमानाबद्दल विचारलं की ऐकावं लागेल, "तुम्ही देशाच्या आड येता." शब्द तेवढे बदलतात. गप्प बसवायची रीत तीच.

तेहतीस वर्षांचा उशीर

आधी हे विमान काय आहे ते पाहू. तेजस हे 'बहुउद्देशी' लढाऊ विमान आहे. शत्रूच्या विमानाशी झुंजणं, जमिनीवरच्या ठिकाणांवर मारा करणं, टेहळणी करणं, ही कामं पूर्वी वेगवेगळ्या विमानांकडे असत. आता ती सगळी एकाच विमानाने करायची. बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा एक जण पटकन म्हणाली, "मग हे विमान कसलं, ही तर घरातली बाईच झाली!" सगळ्या हसलो. त्यावर दुसरी म्हणाली, "बाई कसली! याच्या देखभालीचे पैसे आधी बाजूला काढून ठेवतात."

या विमानाची गोष्ट १९८३ साली सुरू होते. मिग-२१ म्हातारी होणार हे दिसत होतं, तेव्हा तिच्या जागी देशातच हलकं लढाऊ विमान बनवायला सरकारने मंजुरी दिली. पहिलं उड्डाण झालं ४ जानेवारी २००१ ला. 'तेजस' हे नाव मिळालं २००३ मध्ये. हवाई दलात त्याची पहिली तुकडी उभी राहिली १ जुलै २०१६ ला बंगळूरला, तीही अवघ्या दोन विमानांनिशी. मंजुरीपासून तेहतीस वर्षं! मधल्या काळात, २०१५ साली, महालेखापालांनी म्हणजे कॅगने आपल्या अहवालात या विमानातल्या त्रेपन्न उणिवांवर बोट ठेवलं होतं.

सुधारित 'मार्क-१ए' जातीच्या ८३ विमानांचा सुमारे ४८,००० कोटी रुपयांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. ती २०२४ पासून मिळायला हवी होती. पण इंजिन अमेरिकेहून यायचं. तिथून या करारातलं पहिलं इंजिन मिळालं ते मार्च २०२५ मध्ये. त्याच्या आदल्याच महिन्यात खुद्द हवाई दलप्रमुखांनी कारखान्याच्या कारभारावरची आपली नाराजी लपवली नव्हती. तरीही २५ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे मिगच्या निरोपाच्या आदल्या दिवशी, आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा करार झाला. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या मंजूर आहेत. मिग गेल्यावर उरल्या २९.

ही आकडेवारी बायकांच्या मासिकात कशाला, असं कुणी विचारेल. ती यासाठी, की उशिराला किंमत असते आणि ती किंमत कुणीतरी मोजतं. नवं विमान आलं नाही म्हणून जुनं विमान उडत राहिलं. ज्यांना ते उडवावं लागलं, आणि ज्यांच्या डोक्यावर ते पडलं, त्यांनी ती मोजली.

एका आईने विचारलेला प्रश्न

सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातल्या सुरतगडला मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा तरुण वैमानिक गेला. चूक वैमानिकाची, असा निष्कर्ष हवाई दलाने काढला. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून ती त्याच्या आईने मांडली. कविता गाडगीळ यांनी आपल्या मुलावरचा ठपका मुकाट्याने स्वीकारला नाही. विमानाचं वय काय, त्याची दुरुस्ती कशी होते, तरुण वैमानिकांना सरावासाठी योग्य विमानं का मिळत नाहीत, असे प्रश्न त्या आणि त्यांचे पती जाहीरपणे विचारत राहिले. त्यांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. त्यांच्या पाठपुराव्यामुळे मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशभर चर्चेला आला. पुढे २००६ साली आलेल्या 'रंग दे बसंती' या चित्रपटात मिगच्या अपघाताची आणि लढणाऱ्या आईची गोष्ट आली, तेव्हा अनेकांना गाडगीळ कुटुंबाची आठवण झाली.

आपल्याकडे वीरमाता ही फार मोठी मानली जाते. तिला शाल-श्रीफळ देतात, व्यासपीठावर बसवतात, तिच्या पाया पडतात. पण ही वीरमाता प्रश्न विचारू लागली की मोठी पंचाईत होते. तिने अभिमानाने मान उंच ठेवावी आणि तोंड बंद ठेवावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. हुंडाबळीच्या केसमध्ये पोलीस चौकीत "स्टोव्हचा भडका उडाला" असं लिहून घेतात आणि आई म्हणते, "नाही, माझ्या मुलीला मारलंय, नीट चौकशी करा." अशा किती आयांबरोबर आपण चौकीच्या बाकावर बसलो आहोत! कविता गाडगीळ यांचा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो. कागदावर लिहिलेलं मरणाचं कारण आणि खरं कारण यांच्यामधलं अंतर मोजण्याचं काम आपल्याकडे बहुतेक वेळा आईच करते. म्हणून लढाऊ विमानाचा प्रश्न स्त्री-चळवळीच्या बाहेरचा आहे असं मी मानत नाही.

त्या एकट्या नव्हत्या हे पुढे संसदेतच स्पष्ट झालं. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं, की मिग जातीची ८७२ विमानं घेतली, त्यांतल्या ४८२ विमानांना अपघात झाले. १७१ वैमानिक गेले. आणि ३९ सामान्य नागरिक गेले. निम्म्याहून जास्त विमानं! चूक वैमानिकाची, हे एका अपघातात पटेल, दहांत पटेल. पण इतक्या अपघातांनंतर यंत्रणेने स्वतःकडे पाहायला नको?

त्या ३९ नागरिकांबद्दल तर कुणी बोलतच नाही. ८ मे २०२३ ला त्याच सुरतगडहून उडालेलं एक मिग-२१ हनुमानगड जिल्ह्यातल्या बहलोलनगर गावात एका घरावर कोसळलं. वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरला, ते चांगलंच झालं. पण तीन बायका गेल्या. त्या कुठल्या युद्धात नव्हत्या, कुठल्या सीमेवर नव्हत्या. गावात आपल्या कामात होत्या. अभिजितच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी तेच विमान, तोच तळ. मिगच्या निरोपाच्या वेळी पराक्रमाच्या पुष्कळ कथा सांगितल्या गेल्या आणि १९७१ चा पराक्रम खराच आहे. पण त्या तिघींची आठवण कुणी काढल्याचं माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडेही ४ जून २०२४ ला निफाड तालुक्यात शिरसगावच्या शेतात सुखोई विमान कोसळलं. दोन्ही वैमानिक वाचले, शेताचं नुकसान झालं. त्या दिवशी लोकसभेचे निकाल होते, त्यामुळे बातमी निकालाच्या गोंगाटात विरून गेली. अशा शेताची भरपाई सातबारावर ज्याचं नाव त्याला मिळते. त्या शेतात राबणाऱ्या बाईचं नाव किती सातबारांवर असतं, ते आपल्याला माहीत आहे.

विमान चालवणारी बाई

आता दुसऱ्या मैत्रिणीचं म्हणणं. बाई लढाऊ विमान चालवते याचा आनंद मला होतो का? होतो. अगदी मनापासून होतो. १९९० च्या दशकात हवाई दलाची दारं बायकांना अर्धवट उघडली, तेव्हा मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं चालवायला परवानगी मिळाली, लढाऊ विमान नाही. हरिता कौर देओल हिने १९९४ मध्ये एकटीने ॲव्हरो विमान चालवलं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! १९९६ च्या डिसेंबरात विमान अपघातातच ती गेली. लढाऊ विमानासाठी आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. १८ जून २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कांथ आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी लढाऊ वैमानिक झाल्या. पुढे शिवांगी सिंग राफेल चालवू लागली आणि २०२४ मध्ये मोहना सिंग तेजसच्या तुकडीत दाखल झाली. बाईला वेग झेपत नाही, निर्णय घेता येत नाही, तिचं शरीर यासाठी नाही, ही सगळी जुनी रडगाणी या मुलींनी खोटी पाडली.

पण दार उघडताना अट काय घातली गेली तेही लक्षात ठेवू. पहिल्या तिघींना हवाई दलाने सुचवलं होतं, की निदान चार वर्षं आई होऊ नका, प्रशिक्षणात खंड पडेल. लढाऊ विमान चालवायचं प्रशिक्षण खर्चिक असतं, दीर्घ असतं, हे मान्य. पण पुरुष वैमानिकाला बाप होण्याबद्दल असा सल्ला कुणी दिल्याचं ऐकलं आहे का? बँकेत, शाळेत, कारखान्यात नोकरीला लागताना "लग्न कधी करणार, मूल कधी होणार" असं ज्या मुलींना विचारतात, त्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. आकाशात कितीही उंच गेलं तरी कूस जमिनीवरचेच लोक मोजत बसतात.

शिवाय जी काही दारं उघडली ती आपोआप उघडलेली नाहीत. कायमस्वरूपी नेमणुकीसाठी बायकांना कोर्टात जावं लागलं. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हवाई दल आणि लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. लष्कराच्या बाबतीत सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं आणि १७ फेब्रुवारी २०२० ला हरलं. लढाऊ वैमानिक म्हणून बायकांना घेण्याची योजना 'प्रायोगिक' होती, ती कायम करायचा निर्णय २०२२ साली झाला. म्हणजे छायाचित्रांत जो सन्मान दिसतो त्याच्यामागे दहा-दहा वर्षांची कोर्टबाजी आहे.

तेव्हा त्या मुलींचं कौतुक करूच. पण त्यांचं छायाचित्र दाखवून आपली तोंडं बंद करता येणार नाहीत. बाई खासदार झाली म्हणून आपण महागाईवर बोलायचं थांबलो नाही, बाई पोलीस अधिकारी झाली म्हणून कोठडीतल्या बलात्कारावर बोलायचं थांबलो नाही. मग बाई वैमानिक झाली म्हणून विमानाच्या सुरक्षिततेवर, खर्चावर, वापरावर बोलायचं का थांबायचं? उलट आता तर आपल्या मुलीही त्या विमानात आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या हवाई प्रदर्शनात कसरती करताना तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. त्यांच्या पत्नी स्वतः हवाई दलात अधिकारी. ज्या घरात दोघंही वर्दी घालतात त्या घरालाही अपघाताचं खरं कारण कळायचा हक्क आहे.

रुपयामागे चार पैसे

आता पैशाबद्दल. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद होती. महिला आणि बालविकास मंत्रालयासाठी जेमतेम २७ हजार कोटी. म्हणजे संरक्षणाला एक रुपया, तर देशभरातल्या अंगणवाड्या, पोषण आहार, निवारा केंद्रं, मदतवाहिन्या या सगळ्यांना मिळून चार पैसे. ९७ तेजस विमानांच्या एका कराराची रक्कम या मंत्रालयाच्या दोन वर्षांच्या तरतुदीपेक्षा जास्त भरते.

इथे न्यायाने बोललं पाहिजे. विमानांचे पैसे एका वर्षात जात नाहीत, ते अनेक वर्षांत विभागून जातात. संरक्षणाच्या तरतुदीत सैनिकांचं निवृत्तिवेतन आहे, आणि साताऱ्या-कोल्हापूरकडच्या कितीतरी जवानांच्या विधवांची चूल त्यावरच पेटते. शिवाय म्हातारं विमान उडवायला लावणं यात काटकसर नाही, क्रूरपणा आहे, हे वर आलंच आहे. तेव्हा "विमान रद्द करा आणि पैसे अंगणवाडीला द्या" इतकं सोपं गणित मी मांडत नाही.

पण दोन्हीकडे उशीर झाला तर काय होतं, एवढं ताडून पाहा. विमान दहा वर्षं उशिरा आलं तरी पुढचा करार पहिल्याहून मोठा होतो. आणि डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सुमारे दोन लाख अंगणवाडी सेविका आणि मदतनीस बावन्न दिवस संपावर होत्या, मानधनवाढीसाठी, ग्रॅच्युइटीसाठी, निवृत्तिवेतनासाठी. तेव्हा त्यांना कामावरून काढायच्या नोटिसा आल्या. एकाला 'देशाची गरज' म्हणतात, दुसरीला 'सेवा'. ज्या कामाला सेवा म्हणतात त्याचे पैसे द्यायचे नसतात, हे आपण जन्मभर पाहत आलो आहोत. १९९५ च्या बीजिंग परिषदेच्या कृती-आराखड्यात अवाजवी लष्करी खर्च कमी करण्याचं उद्दिष्ट नोंदवलेलं आहे आणि त्या आराखड्याला आपल्या सरकारनेही मान्यता दिली होती. खर्च वाजवी की अवाजवी हे ठरवायच्या टेबलावर मात्र बाई क्वचितच असते.

कुंकवाच्या नावाने

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी घेते. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला दहशतवाद्यांनी सव्वीस जणांना मारलं. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. डोंबिवलीतले तिघं, पुण्यातले दोघं आणि आपल्या पनवेलचे एक. "शेजारच्या घरातला माणूस बायकोमुलांच्या डोळ्यांदेखत मारला गेला, आणि तुम्ही विमानांना नावं ठेवता?" असं कुणी विचारलं तर त्या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. त्या घरातल्या बाईला शांततेवर प्रवचन द्यायला मी जाणार नाही. नागरिकांचं रक्षण करणं हे सरकारचं काम आहे आणि त्यासाठी हवाई दल लागतं, हे मला मान्य आहे.

पण ७ मेच्या पहाटे जी मोहीम झाली तिला नाव दिलं गेलं 'सिंदूर'. बाईच्या भांगातलं कुंकू पुसलं गेलं म्हणून सूड, असा त्याचा अर्थ. मला हे नाव बोचलं आणि अजून बोचतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. तो ठराव सगळ्या ग्रामपंचायतींनी करावा असं राज्य सरकारने पत्रक काढलं. विधवेचं माणूसपण कुंकवावर अवलंबून नाही, हे सांगायला आपल्याला शंभर-दीडशे वर्षं लागली. आणि देशाच्या एवढ्या मोठ्या लष्करी कारवाईचं नाव मात्र पुन्हा कुंकवावरच! मारले गेले ती माणसं होती. त्यांच्या बायकांचं दुःख 'सौभाग्य गेलं' एवढंच नव्हतं.

आणि बायकांचा मान किती राखला गेला? मोहिमेची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग समोर आल्या, तेव्हा सगळ्यांनी छाती फुगवली. थोड्याच दिवसांनी मध्य प्रदेशच्या एका मंत्र्याने कर्नल कुरेशींबद्दल त्यांच्या धर्मावरून अत्यंत हीन उद्गार काढले. गुन्हा नोंदवायला उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पहलगामला लग्नानंतर काही दिवसांतच नवरा गमावलेल्या एका तरुणीने म्हटलं, की काश्मिरींचा आणि मुसलमानांचा द्वेष करू नका, आम्हाला न्याय हवा आहे. तिच्यावर समाजमाध्यमांतून घाणेरड्या शिव्यांचा वर्षाव झाला. ज्या कुंकवासाठी विमानं उडाली असं सांगितलं गेलं, त्या कुंकवाच्या बाईने आपलं मत सांगितलं तर ते कुणाला नको होतं.

म्हणून मला वाटतं, बाईच्या नावाने युद्ध आणि बाईच्या मताला बंदी, ही गोष्ट आपण उघडी पाडली पाहिजे.

मग करायचं काय?

बाहेरच्या जगात बायकांनी लढाऊ विमानांना निरनिराळ्या प्रकारे जाब विचारला आहे. जानेवारी १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये तीन स्त्रियांनी इंडोनेशियाला विकलेलं एक 'हॉक' विमान हातोड्यांनी निकामी केलं. हे विमान पूर्व तिमोरमधल्या लोकांवर वापरलं जाईल, ते थांबवणं आमचं कर्तव्य होतं, असं त्यांनी कोर्टात सांगितलं. सहा महिने त्या तुरुंगात होत्या. सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. तेच हॉक विमान भारताने २००४ च्या करारानुसार घेतलं, आणि आपल्या पहिल्या लढाऊ वैमानिक मुली बिदरला त्यावरच शिकल्या. एकच यंत्र, एकीकडे दहशत आणि दुसरीकडे मुलींची संधी. म्हणून यंत्राला देव मानूनही चालत नाही आणि राक्षस म्हणूनही.

हातोडे घेऊन ओझरला चला, असं मी सांगत नाही. आपल्या हातात दुसरी हत्यारं आहेत आणि ती आपण रोज वापरतो : अर्ज, माहितीचा अधिकार, निवेदन, मोर्चा, ठराव. माझ्या मते आपल्या मागण्या अशा असाव्यात.

एक, लष्करी विमानाच्या प्रत्येक अपघाताच्या चौकशीचे निष्कर्ष मृताच्या कुटुंबाला लेखी मिळावेत, आणि खरी गुप्त माहिती वगळून ते संसदेसमोर ठेवावेत. मेलेल्या वैमानिकावर ठपका ठेवण्याआधी त्याच्या कुटुंबाला बाजू मांडू द्यावी.

दोन, विमान कोसळून ज्यांचं घर, शेत वा जीव जातो त्यांच्या भरपाईचे नियम जाहीर असावेत, आणि जमीन नावावर नसली तरी त्यावर पोट असलेल्या बाईचा त्यात हक्क असावा.

तीन, हवाई दलातल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल सल्ले देण्याऐवजी प्रशिक्षणाचं वेळापत्रक त्यांच्याशी बोलून आखावं. मूल कधी हवं हे ज्याचं त्याने, जिचं तिने ठरवावं.

चार, दर फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की आपण आपापल्या गटात त्याचं वाचन करू. संरक्षणाचं पान उलटून पुढे जायचं नाही. आपल्याला कळत नाही असं म्हणून तर बिलकूल नाही. दोन हजार रुपयांत महिना काढणाऱ्या बायकांना हिशोब कळत नाही असं कोण म्हणेल?

पाच, कुंकू, बांगड्या, अब्रू यांच्या नावाने कुणी युद्धाची भाषा करू लागला, तर तो कुठल्याही पक्षाचा असो, आपण तिथल्या तिथे उभं राहून हरकत घ्यायची.

पहिल्या मैत्रिणीने विचारलं होतं, मारहाणीच्या केसेस कमी आहेत का? कमी नाहीत. पण घरात मारहाण होते तेव्हाही लोक आपल्याला हेच सांगत होते, की हा घरातला मामला आहे, बाहेरच्या बायकांनी बोलू नये. आपण बोललो. आता सांगतात, हा देशाच्या सुरक्षेचा मामला आहे, घरातल्या बायकांनी बोलू नये. आत असलो तर बाहेरच्या आणि बाहेर आलो तर घरातल्या! बोलायची जागा आपल्याला कुणी आखून देणार नाही.

आमच्या गटात यावर एकमत झालेलं नाही आणि होईल असंही नाही. नाशिक, ओझर, निफाड भागातल्या गटांना कारखान्याबद्दल, तिथल्या कामगार स्त्रियांबद्दल आमच्याहून जास्त माहिती असेल. ज्यांच्या घरातली मुलं-मुली सैन्यात आहेत त्यांचं म्हणणं वेगळं असेल. सगळ्यांनी लिहावं. विरोधात असलं तरी लिहावं. पुढच्या अंकात ही चर्चा चालू ठेवायची आहे.